कॅमेरा कुठे उभा होता, तेही लिहा

महोदय,

आपल्या पुरवणीतील चित्रपट परीक्षणे मी नेमाने वाचते. कथानक, अभिनय, संगीत यांवर त्यात भरभरून लिहिलेले असते. छायाचित्रणाच्या वाट्याला मात्र 'नेत्रसुखद' एवढा एकच शब्द येतो. प्रेक्षकाची कणव कोणाकडे झुकणार हे पुष्कळदा कॅमेऱ्याच्या जागेवर ठरते, म्हणून हे पत्र.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा (2014) शेवट आठवून पाहा. गावातली डुकरे पकडावी लागणाऱ्या दलित कुटुंबातला मुलगा जब्या चिडवणाऱ्याच्या दिशेने दगड भिरकावतो, तो थेट आपल्यावर येतो आणि पडदा काळा होतो. हाच शॉट जब्याच्या पाठीमागून घेतला असता तर? तो दगड त्याच्यासोबत आपणही मारला असता आणि टाळ्या वाजवून समाधानाने घरी गेलो असतो. पण इथे कॅमेरा टिंगल करणाऱ्याच्या जागी उभा आहे. त्याआधी जब्याच्या कुटुंबाची डुक्कर पकडण्याची धावपळ पाहताना बघ्यांबरोबर आपल्यालाही मधूनच हसू आलेले असते. जब्याबद्दल इतका वेळ हळहळणारे आपण अचानक त्याच्याच नेमाच्या टप्प्यात सापडतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' अगदी वेगळ्या वाटेने जातो. शाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला चालू आहे, पण त्यांच्या चेहऱ्यावरचे दुःख टिपायला कॅमेरा पुढे धावत नाही. तो दूर आणि स्थिर राहतो. न्यायाधीश, वकील, तारखेची वाट पाहणारी माणसे, सगळी एकाच चौकटीत. आरोपी त्यांतलाच एक. कोणाकडे पाहायचे हे सांगणारा क्लोजअप नाही की पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे नजर आपली आपणच शोधत त्या वृद्ध शाहिरापाशी जाते. तोच कॅमेरा तितक्याच शांतपणे सरकारी वकील बाईंच्या मागे त्यांच्या घरीही जातो. त्यांचा स्वयंपाक, त्यांचा संसार पाहिल्यावर त्यांना खलनायिका ठरवता येत नाही. राग नेमका कोणावर काढायचा, हेच कळेनासे होते.

बातम्यांतही हेच चालते. मंचाखालून टिपलेला नेता भव्य दिसतो, उंचावरून टिपलेला पूरग्रस्त केविलवाणा. मालिकांबद्दल तर बोलायलाच नको; सुनेच्या चेहऱ्यावर तीनदा झूम झाला की आपण तिच्या बाजूचे.

पुण्यात एफटीआयआय (चित्रपट व दूरचित्रवाणीचे शिक्षण देणारी संस्था) आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांनी वर्षानुवर्षे चित्रपट रसास्वादाचे अभ्यासक्रम चालवले, पण तिथवर पोहोचणारे मूठभर. वर्तमानपत्र तालुक्याच्या गावीही रोज सकाळी येते. म्हणून विनंती अशी, की प्रत्येक परीक्षणात निदान एका प्रसंगाबद्दल एवढे तरी लिहावे: कॅमेरा कोणाच्या नजरेच्या उंचीवर होता, किती जवळ होता आणि कोणाचा चेहरा त्याने दाखवायचा टाळला. त्यासाठी कथानकाचा एक परिच्छेद कमी केला तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज