आधी बातमी कळावी लागते, मग हसू येतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला राजकीय विनोदी कार्यक्रमांवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, लेखकमहाशय गंमत करताहेत. असले कार्यक्रम बघून माणसं बातम्या गांभीर्याने घेईनाशी होतात म्हणे! वर अमेरिकी विनोदवीर जॉन स्टुअर्टचा दाखला. त्या गृहस्थाने 1999 ते 2015 'द डेली शो' हा बातम्यांवरचा विनोदी कार्यक्रम चालवला. पुढाऱ्याचं आजचं बोलणं आणि त्याचंच जुनं बोलणं पाठोपाठ दाखवायचं, हा त्यातला हुकमी प्रकार. यात टिंगल कुणी कुणाची केली, ते लेखकांनीच सांगावं.

असो, अमेरिकेचं अमेरिकेत. आमच्या साखर पेठेतलं ऐका. शेजारी विडी वळणाऱ्या एक अक्का होत्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी, लिहिणं सहीपुरतं. टीव्हीवर 'घडलंय बिघडलंय' हा राजकीय विनोदी कार्यक्रम लागला की विड्यांचं सूप घेऊन आमच्याकडे यायच्या. आम्ही हसायचो, त्या पानं कापत बसायच्या. एके दिवशी चिडल्या. "सगळे हसतेत, मला काय कळंना. काय झालंय म्हणून हसतेत?" तेव्हापासून मी कामावरून आलो की हुकूम सुटायचा, "पेपर वाच की रे आधी." रोज ठळक बातम्या वाचून दाखवल्या. होय, तुमच्याच पेपरातल्या. सहा महिन्यांत अक्का आमच्या आधी हसायला लागल्या.

पुढे महापालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार दारात आले. हात जोडून म्हणाले, रोज पाणी देतो. अक्कांनी मान वरही केली नाही. "मागच्या टायमाला पण हेच म्हणलास की. शर्ट तेवढा नवा आहे." ही बाई बातम्या गांभीर्याने घेत नव्हती, असं म्हणायचंय का?

एक मात्र मान्य. हल्ली असल्या कार्यक्रमांत पुढारीच पाहुणे म्हणून सोफ्यावर येऊन बसतात, आपल्याच नकलेवर टाळ्या वाजवतात आणि जाताना फोटो काढतात. त्याला मी जाहिरात म्हणतो. विनोदवीर जसपाल भट्टींनी 1989 मध्ये 'फ्लॉप शो' या मालिकेचे जेमतेम दहा भाग केले, तेही सरकारी दूरदर्शनवर, आणि सरकारी कारभाराचीच हजामत केली. कुणाला सोफा दिल्याचं आठवत नाही.

आता गांभीर्याचा विषय आपणच काढलाय म्हणून विचारतो. पहिल्या पानावर खाली कोपऱ्यात चौकोनी व्यंगचित्र यायचं, ते कुठं गेलं? आधी आतल्या पानावर सरकलं, मग एक दिवसाआड येऊ लागलं, आमच्या नळासारखं. आता त्या जागी चादरींच्या सेलची जाहिरात असते. आमचं हे हसणंही आपल्याला उथळ वाटलं असावं.

पत्र छापलंत तर कृपया कापू नका. मागच्या वेळी मजकुरापेक्षा माझा पत्ताच मोठा आला होता.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
साखर पेठ, सोलापूर