वकीलताई, तुमच्या त्या एका प्रश्नासाठी थँक्यू

प्रिय वकीलताई,

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये, म्हणून वकीलताईच म्हणतोय. पण आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण कादंबरी वाचून लोक मेसेज करतायत की प्रेमकथा आणि खून कसे एकमेकांत गुंतलेत, एक काढलं तर दुसरं पडेल, आणि मी नुसता हसरा इमोजी टाकून गप्प बसतोय. हे फार दिवस चालणार नाही. ती गाठ तुम्ही मारलीये.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लंडन, साल १८८९. एका घरात वरच्या मजल्यावर दोन तरुण भाड्याने राहतात, एक कारकून आणि एक पियानो शिकवणारा, आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. तळमजल्यावर व्याजाने पैसे देणारा एक म्हातारा राहतो, तो एका सकाळी मेलेला सापडतो, शेकोटीच्या लोखंडी सळईने डोकं फोडलेलं. पहिल्या ड्राफ्टमध्ये वर प्रेम चालू, खाली तपास चालू, आणि दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे फक्त जिना.

तो ड्राफ्ट तुम्ही वाचलात आणि मला वाटलं आता कायद्याच्या चुकांची यादी येणार. तुमचा मेल एका ओळीचा होता. "वरच्या खोल्यांतली अंथरुणं सकाळी कोण आवरतं?"

मला आधी वाटलं तुम्ही थट्टा करताय. मग फोनवर तुम्ही ऑस्कर वाइल्डचा, पुरुषांशी संबंध ठेवल्याबद्दलचा १८९५ चा खटला सांगितलात, की त्यात हॉटेलात खोली आवरणाऱ्या बाईची साक्ष झाली होती, चादरींबद्दल. म्हणजे एवढा मोठा नाटककार, एवढे नामांकित वकील, आणि कोर्टात बोलतेय कोण तर सकाळी चादर बदलणारी बाई. तुम्ही म्हणालात, अशा प्रेमाचा पहिला साक्षीदार नेहमी नोकरमाणूसच असतो, इन्स्पेक्टर फार नंतर येतो.

तिथून सगळं सुटत गेलं. त्या काळी दोन अविवाहित पुरुष एकत्र खोल्या घेऊन राहिले तर कुणाच्या भुवया उंचावत नव्हत्या, भाडं वाटलं जायचं, सोय होती. पण पलंग दोन हवेत, आणि दोन्हींवर कुणीतरी झोपून उठल्यासारखं दिसायला हवं. म्हणून आपला पियानोवाला रोज पहाटे, मोलकरीण गरम पाण्याचा जग घेऊन वर यायच्या आधी, कारकुनाच्या कुशीतून उठतो, गार पडलेल्या आपल्या पलंगावर जाऊन आडवा होतो, उशीत डोकं दाबून खळगा करतो, पायाने ब्लँकेट खाली लोटतो, चादरीला दोन-चार सुरकुत्या पाडतो. रोज. सणासुदीलाही. हा सीन लिहिताना मला पहिल्यांदा वाटलं की हे दोघं खरंच एकमेकांचे आहेत, त्याआधीची सगळी चांदण्यातली वाक्यं मी उडवून टाकली आणि त्यांची आठवणही येत नाही.

आणि खुनाच्या सकाळी खालून किंकाळी येते, दोघं दचकून उठतात, जसे आहेत तसे जिन्यावर धावतात. एक पलंग इस्त्री केल्यासारखा सपाट. मोलकरीण तो बघते आणि इन्स्पेक्टरला प्रामाणिकपणे सांगते, बिचारीच्या मनात काही पाप नाही, की साहेब, त्या अंथरुणावर रात्री कुणी झोपलंच नव्हतं. आता पोलिसाच्या डोक्याने बघा. माणूस रात्री आपल्या अंथरुणात नव्हता, म्हाताऱ्याचं त्याच्यावर कर्ज होतं, मग तो कुठे होता? खालीच असणार! एका न चुरगळलेल्या चादरीवर खुनाची अख्खी केस उभी राहते, आणि खरं उत्तर, म्हणजे तो दहा पावलांवर शेजारच्या खोलीत होता, हे उत्तरच गुन्हा आहे.

इथे मी तुम्हाला विचारलं होतं की फाशीपेक्षा तुरुंग परवडला, मग तो सांगून का टाकत नाही, वाचक हेच म्हणणार. १८८५ च्या कायद्याचं कलम ११, दोन पुरुषांमधलं काहीही, चार भिंतींच्या आतलं का असेना, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, सक्तमजुरीसकट. त्याआधीचा १८६१ चा कायदा होताच, त्यात दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. आणि त्याच्याही आधी फाशी होती, लंडनमध्ये १८३५ साली जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ या दोघांना न्यूगेटला लटकवलं ते इंग्लंडमधलं यासाठीचं शेवटचं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, हो, पण तो स्वतःपुरतं कसं सांगेल? सांगितलं की दुसरा आत जातो. स्वतःचा जीव वाचवायला त्याला आपल्याच माणसाला पकडून द्यावं लागतं. आणि वर म्हणालात, दुसरं असं की त्याला बोलूच देणार नाहीत.

हे मला खरंच माहीत नव्हतं आणि मला वाटतं बऱ्याच वाचकांना नसेल. इंग्लंडमध्ये १८९८ च्या कायद्यापर्यंत खुनाच्या आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देता येत नव्हती. त्याच्या गळ्याभोवती दोर आवळला जातोय, त्याच्याबद्दल सगळं जग बोलतंय, आणि तो पिंजऱ्यात उभा राहून ऐकतोय. तुम्ही फ्लॉरेन्स मेब्रिकचं उदाहरण दिलंत, लिव्हरपूलची, नवऱ्याला आर्सेनिक दिल्याचा आरोप, खटला १८८९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे माझ्या कथेच्या सालातलाच. तिला शपथेवर बोलता आलं नाही, नुसतं एक निवेदन करू दिलं. आणि विषाइतकीच चर्चा झाली तिच्या परपुरुषाशी असलेल्या संबंधांची, जणू जी बाई नवऱ्याला फसवते ती त्याला मारणारच. फाशी सुनावली, मग ती जन्मठेपेवर आली, १९०४ ला सुटली. आणि तिचा न्यायाधीश कोण, तर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, ज्याने आपला १८७२ चा एव्हिडन्स ॲक्ट लिहिला! हे सांगताना तुमचा आवाज असा काही चढला होता की मला वाटलं कुणी तुमच्या सासऱ्यांना शिव्या दिल्यात. (आयुष्यभर ज्या कायद्यावर पोट भरलं त्याच्या बापाबद्दल हे, म्हणालात.)

माझ्यासाठी मेब्रिकची केस सोन्याची खाण निघाली कारण माझ्या सरकारी वकिलाला रस्ता मिळाला. खून सिद्ध करायला त्याला पुरावा कमी पडतोय, पण हा माणूस "तसला" आहे एवढं ज्यूरीच्या कानावर गेलं की बास.

आणि मग तुमचा तो मास्टरस्ट्रोक. आरोपी बोलू शकत नाही, मग कोण बोलू शकतं? त्या काळात नवऱ्यावर खुनाचा खटला असेल तर बायकोलाही साक्ष देता येत नसे, कायद्याच्या नजरेत ती साक्षीदार म्हणून चालतच नव्हती. पण कारकून त्याचा कोण? कायद्याच्या लेखी कोणीच नाही. एक भाडेकरू. त्यामुळे तो खुशाल पिंजऱ्यात उभा राहू शकतो. ज्या कायद्याने त्यांचं नातं मानलंच नाही त्याच कायद्याने नकळत एक दार उघडं ठेवलं. हे तुम्ही सहज, चहा ढवळल्यासारखं सांगून टाकलंत, आणि मी फोन ठेवून बराच वेळ नुसता फेऱ्या मारत होतो.

उलटतपासणीचा चॅप्टर तर तुमचाच आहे. मी कारकून, तुम्ही सरकारी वकील, फोनवर, रात्री.

"आपली झोप सावध आहे?"

"हो."

"म्हणजे आरोपी रात्रभर खोल्यांमध्येच होता हे आपण आवाजावरून सांगता?"

"हो."

"त्याच्या पलंगाचा आवाज आला?"

इथे मी अडकलो. हो म्हणालो तर मोलकरणीची साक्ष समोर आहे, नाही म्हणालो तर मग तो होता कुठे. स्वतःला गुंतवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला साक्षीदार नकार देऊ शकतो हे मला माहीत होतं, पण नकार दिला की ज्यूरीतल्या बारा जणांना उत्तर मिळालंच. मी गप्प. तुम्हीही गप्प. आणि मग तुम्ही म्हणालात, "हा आत्ता जो गप्प बसलास ना, एवढंच लिही." ते पान तसंच छापलंय. लोक सगळ्यात जास्त त्याच पानाचा फोटो काढून पाठवतात.

इन्स्पेक्टरबद्दलही बोललं पाहिजे. मला तो दुष्ट हवा होता, तुम्हाला नको होता. तुम्ही क्लीव्हलँड स्ट्रीटचं प्रकरण वाचायला लावलंत, तेही १८८९ चंच, तार ऑफिसातल्या एका चोरीच्या तपासातून पोलिस १९ क्लीव्हलँड स्ट्रीटच्या घरापर्यंत पोचले आणि बड्या बड्या लोकांची नावं यायला लागली, लॉर्ड आर्थर सॉमरसेट तर देश सोडून गेला. तपास ॲबरलाइनकडे, वर्षभरापूर्वी जॅक द रिपरच्या मागे होता तोच. शोधायला गेले एक, हाताला लागलं भलतंच. त्यावरून माझा इन्स्पेक्टर बदलला. तो खुनी शोधायला आलेला थकलेला, बऱ्यापैकी सरळ माणूस आहे, तो ड्रॉवर उघडतो ते हत्यारासाठी आणि त्याला सापडतात पत्रं, आणि आता त्याने ती वाचलीत. दुष्ट माणसापेक्षा हा जास्त भीतीदायक आहे हे मला लिहिताना कळत गेलं.

शेवटावरून मात्र आपण भांडलो. मला एकाला मारायचं होतं. मला वाटायचं हेच खरं, हेच ऐतिहासिक, त्या काळात असल्या गोष्टींचा शेवट गोड कसा होईल. तुम्ही ताडकन म्हणालात की दरवेळी यांनाच का मारता रे तुम्ही लेखक लोक, आणि मग पुराव्यानिशी सुरू झालात. एडवर्ड कार्पेंटर आणि जॉर्ज मेरिल, शेफील्डजवळच्या मिलथॉर्प गावात १८९८ पासून उघडपणे एका घरात राहिले, मेरिल १९२८ मध्ये गेला तोपर्यंत एकत्र. वाइल्डच्या शिक्षेनंतर तीनच वर्षांनी संसार थाटला, ही काय हिंमत. आणि बोल्टन आणि पार्क, १८७० मध्ये बायकांच्या वेषात थिएटरबाहेर पकडले गेले, केवढा गाजावाजा, १८७१ मध्ये खटला, आणि ज्यूरीने तासाभराच्या आत सोडून दिलं. बोल्टनची आई साक्षीला उभी राहिली होती. ही आई माझ्या डोक्यातून गेली नाही, माझ्या मोलकरणीला शेवटी जो कणा आला तो तिथून.

ती मोलकरीण कोर्टात काय करते हे इथे सांगत नाही, खुनी कोण तेही नाही. एवढंच सांगतो की ती जे करते त्यावर तुम्ही समासात लाल अक्षरात लिहिलं होतं, "वकील म्हणून हे मला अजिबात मान्य नाही. वाचक म्हणून एक शब्द बदललास तर बघ." तेव्हा अपील कोर्टसुद्धा नव्हतं, १९०७ चा कायदा येईपर्यंत फाशी सुनावली की गृहमंत्र्याची दया एवढाच आधार, त्यामुळे जे काय करायचं ते तिला त्या पिंजऱ्यात, त्या पाच मिनिटांतच करायचं होतं. शब्द बदललेला नाही.

आणखी एक. हे असलंच का लिहितोस, असं तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. बाकी सगळ्यांनी विचारलं, प्रेमाने, काळजीने, चेष्टेने. तुम्ही पहिल्या दिवसापासून त्या दोघांना अशिलांसारखं वागवलंत, म्हणजे आधी त्यांची बाजू काय ते बघू, बाकी नंतर. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या आपल्याकडच्या कलम ३७७ बद्दल आपण जेमतेम एकदा बोललो असू, २०१८ चा ६ सप्टेंबर, निकाल आला त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही, एवढंच तुम्ही म्हणालात आणि लगेच विषय बदलून बाराव्या चॅप्टरमधल्या ज्यूरीवर घसरलात. मला तेवढं पुरलं.

आता मुद्द्याचं. पुढची कादंबरी १८९९ मध्ये घडते, यात दोघी आहेत. १८८५ च्या त्या कलमात फक्त पुरुषांचा उल्लेख, त्यामुळे यांना तो कायदा लागूच होत नाही, आणि आता आरोपीला साक्षही देता येते, म्हणजे मागच्या वेळचे दोन्ही फास गेले. मग हिला बोलण्यापासून कोण अडवतंय, तिथेच मी अडकलोय. चार चॅप्टर मेल केलेत. रविवारी वेळ असेल तर फोन करा, आणि या वेळी सरकारी वकील मी होणार, तुम्ही पिंजऱ्यात.

तुमचा,
वरच्या मजल्यावरच्या दोघांचा लेखक