सूचना : पावागडला ताई-दादा हवेत, गुडघे कुरकुरणारेही चालतील

सदस्यहो,

मुलांच्या भटकंती गटाची पुढची सहल चांपानेर-पावागडला (गुजरातमधला डोंगर नि पायथ्याचं जुनं शहर, 2004 पासून जागतिक वारसा). मुलं 28, मोठी माणसं मात्र तीनच! "पाय साथ देत नाहीत" म्हणून चौघांनी नकार कळवलाय. माझ्या मांडीत सळी आहे, तरी काठी टेकत तीन वर्षं हाच गट सांभाळतोय.

चढणारे चढतील. डोंगराच्या मध्यावरच्या माचीपर्यंत गाडी जाते, पुढे रोपवे. त्यानंतरही पायऱ्या आहेतच, तेव्हा माथ्यावरच्या कालिका मातेच्या मंदिरापर्यंत येण्याचा आग्रह नाही. खाली जामी मशिदीजवळ होकायंत्र, नकाशा, दोराच्या गाठी बसूनच शिकवायच्या आहेत. मागच्या खेपेला एका मुलीला खुंट्याची गाठ जमेना. मी दगडावर बसून तिच्याकडून सात वेळा बांधून घेतली. आठव्यांदा तिनेच मला चूक दाखवली! शिवाय हजेरी, पाणी, प्रथमोपचाराची पेटी सांभाळायला कोणीतरी एका जागी लागतंच.

एकच अट: काय झेपत नाही आणि कोणती औषधं चालू आहेत, ते आधी मोकळेपणी सांगा. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच या. लपवलेलं दुखणं डोंगरावर सगळ्यांना महागात पडतं.

इच्छुकांनी रविवारी सकाळी साडेसातला कमाटीबागेत भेटावं. चहा माझ्याकडून.