जनसंवादाच्या बैठकीत पोलीस ठाण्यानेही हिशेब मांडावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या कॉलन्यांमधून पोलिसांच्या जनसंवाद बैठका होतात, तशा आमच्या सुदामानगर भागातही होतात. टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख निरीक्षक, येतात. भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्या, कोणालाही ओटीपी सांगू नका, 'डिजिटल अरेस्ट'च्या फोनला घाबरू नका, असे समजावून सांगतात. मुले पुण्याला किंवा बंगळूरला आणि घरात दोघेच म्हातारे, अशी मराठी घरे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांना हा सल्ला फार मोलाचा आहे आणि तो देणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण या बैठकीत बोलतात पोलीस आणि ऐकतात नागरिक. मागच्या वेळी लोकांनी जे सांगितले त्याचे पुढे काय झाले, हे कोणी सांगत नाही आणि विचारायचा कोणाला धीर होत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंची सोनसाखळी सकाळी फिरायला गेल्या असताना मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढून नेली. ठाण्यात त्यांच्याकडून आवेदन, म्हणजे साधा अर्ज, लिहून घेतले, त्यावर शिक्का मारून दिला आणि 'जाँच करेंगे' म्हणून घरी पाठवले. साखळी 'हरवली' असे लिहा, म्हणजे काम लवकर होईल, असेही सुचवले गेले. इंदूरमध्ये ज्याचे ठाण्यात काम पडले आहे, त्याला आवेदन आणि एफआयआर यांतला फरक पुरता ठाऊक असतो. आवेदनावर तपास झालाच पाहिजे असे बंधन नाही, आणि गुन्ह्यांच्या आकड्यात ते मोजलेही जात नाही. असे हिसकावून नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 304 खाली स्वतंत्र आणि दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी स्वतःहून तपास करण्याजोगा, गुन्हा आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्येच सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळायला हवी आणि तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत त्याला कळवायला हवे. हे आमच्याकडच्या एकाही बैठकीत कोणी सांगितलेले मी ऐकले नाही. भाडेकरूंच्या अर्जाइतकेच तेही सांगण्यासारखे आहे.

डिसेंबर 2021 मध्ये इंदूर आणि भोपाळमध्ये पोलीस आयुक्त प्रणाली आली. जमावबंदीचे आदेश, प्रतिबंधात्मक कारवाई, जामीनपत्रे भरून घेणे हे जे अधिकार पूर्वी कलेक्टर कचेरीतल्या दंडाधिकाऱ्यांकडे होते, त्यांपैकी बरेचसे पोलिसांच्याच हाती आले. मोठ्या शहराला त्वरित निर्णय लागतात, म्हणून मी या बदलाच्या विरोधात नाही. मात्र पूर्वी पकडणारे खाते वेगळे आणि त्या कारवाईकडे बघणारे खाते वेगळे होते. आता दोन्ही एकाच छपराखाली आहेत. अधिकार इतके वाढले, तर नागरिकांपुढे उत्तर देण्याची काही तरी सोयही त्याच वेळी वाढायला हवी होती. प्रकाश सिंह खटल्याच्या निकालात 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरण असावे, असे बजावले होते. इंदूरमध्ये असे कार्यालय कुठे आहे, हे मी अनेक सुशिक्षित, वकील मंडळींना विचारून पाहिले. पत्ता कोणालाच सांगता आला नाही.

नुसत्या बैठकांनी विश्वास वाढतो का, हे जगात तपासून झालेले आहे. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपाईन्स आणि युगांडा या सहा देशांत लोकसहभागी पोलिसिंगचे प्रयोग करून त्यांचे निष्कर्ष 2021 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ना गुन्हे घटले, ना पोलिसांवरचा विश्वास वाढला. अधिकाऱ्यांच्या सतत बदल्या होत राहिल्या आणि लोकांनी मांडलेल्या अडचणींवर काम करायला ठाण्यांकडे माणसे व साधने नव्हती, ही कारणे अभ्यासकांनी दिली. ती वाचताना मला आमचीच बैठक आठवत होती. याउलट आपल्याच मध्य प्रदेशातला अनुभव बघा. इथल्या 180 ठाण्यांमध्ये महिला मदत कक्षांचा अभ्यास झाला, तोही त्याच नियतकालिकात 2022 मध्ये आला. जिथे वेगळी जागा, प्रशिक्षण आणि ठरलेली कार्यपद्धत दिली, तिथे महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि कक्ष महिला पोलिसांच्या हाती होता तिथे एफआयआर विशेष वाढले. म्हणजे आपले पोलीस बदलू शकतात. ठाण्यातले रोजचे काम बदलले तर बदलतात.

पोलिसांवर उगाच राग काढणारा मी माणूस नाही. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, निघतात तेव्हा रात्रभर लाखोंच्या गर्दीत उभे राहणारे आरक्षक (पोलीस शिपाई) मी लहानपणापासून पाहत आलो आहे. बंदोबस्तातून सुटला की तोच माणूस दुसऱ्या दिवशी बीटवर. त्यामुळे मी मागतो आहे ते फार खर्चाचे नाही. दर महिन्याची बैठक सुरू होताना ठाण्याने आधी मागच्या महिन्याचा हिशेब वाचावा : आपल्या भागातून किती आवेदने आली, त्यांतल्या कितींचे एफआयआर झाले, बाकीच्यांचे का झाले नाहीत. लोकांनी सांगितलेल्या अडचणी नोंदवहीत लिहाव्यात आणि पुढच्या वेळी त्याच वहीतून उत्तर द्यावे. कचऱ्याची गाडी आली नाही तर महापालिकेच्या 311 ॲपवर तक्रार करून तिचा माग काढायला हे शहर शिकले आहे, आणि तिला त्याचा त्रास नव्हे, फायदाच झाला. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला कमिट्या चालवल्या, तेव्हा त्यांत पोलीस आणि रहिवासी नियमित समोरासमोर बसत. 1992-93 मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली.

आणखी एक गोष्ट आपल्या वार्ताहरांनी लावून धरावी, अशी विनंती आहे. परमवीर सिंह सैनी प्रकरणात 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण 18 महिने, आणि ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष, जपून ठेवायला सांगितले. कॅमेरे चालू आहेत की नाहीत हे बघायला जिल्हा समिती नेमायची आहे आणि तिच्यात शहराच्या महापौरांनाही स्थान आहे. महापौर आपण निवडून दिलेले आहेत. समितीची शेवटची बैठक केव्हा झाली, किती ठाण्यांचे कॅमेरे बंद आढळले आणि दुरुस्तीला किती दिवस लागले, हे त्यांना विचारून ठाण्यांच्या नावांसह छापावे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
सुदामानगर, इंदूर