ॲमेझॉनपलीकडचे टॅनेजर

महोदय,

ब्राझीलच्या जंगलाची बातमी म्हटली की ॲमेझॉन ठरलेलेच. पूर्व किनाऱ्यालगतच्या अटलांटिक जंगलाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. ऊस, कॉफी आणि गुरांच्या कुरणांनी त्याचा बहुतेक भाग गिळला. उरलेल्या तुकड्यांत टॅनेजर हे अमेरिका खंडातले छोटे, बहुधा रंगीबेरंगी पक्षी कसेबसे तग धरून आहेत. एस्पिरितो सांतो राज्यातला लाल गळ्याचा टॅनेजर घ्या. अंग राखाडी-पांढरे, डोळ्यांवर काळी पट्टी, गळा पिकल्या चेरीसारखा. १८७० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली ती एकाच नमुन्यावरून. पुढे तो नामशेष झाला की काय अशी धास्ती होती. १९९८ मध्ये तो पुन्हा सापडला. आज माहीत असलेले पक्षी जेमतेम विसाच्या आसपास! उंच झाडांच्या शेंड्यांवर किडे टिपत हिंडणाऱ्या या पक्ष्याला तुटक झाडी पुरत नाही.

ईशान्येकडे पेर्नांबुको, आलागोआस भागातल्या सप्तरंगी टॅनेजरच्या तर त्याचे रूपच जिवावर उठले आहे. पिंजऱ्यात ठेवायला त्याला सर्रास पकडले जाते. (आपल्याकडच्या पोपटांची कथा वेगळी नाही, कायदा असूनही.)

आपल्या पर्यावरणविषयक पानावर एकदा तरी या जंगलाचा नकाशा छापावा, ही विनंती.

– एक पक्षीप्रेमी वाचक, ठाणे