अजून दोन वर्षं गार्शिंगलाच

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी सांगितलं ते नीट पोचलं नाही, हे आईच्या "बरं बरं"वरूनच कळलं. म्हणून सविस्तर लिहिते. इथलं, जर्मनीतल्या गार्शिंगचं काम दोन वर्षांनी वाढलंय आणि पुण्याची नोकरी मी आत्ता घेणार नाहीये. बाबा, "एका ताऱ्यापायी?" असं तुम्ही विचारलंत. हो, जवळजवळ एकाच ताऱ्यापायी.

त्याचं नाव आरएक्स जे१८५६. तो न्यूट्रॉन तारा आहे, म्हणजे स्फोट होऊन संपलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गच्च गाभा. रोसॅट या जर्मन उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो सापडला आणि १९९६ साली त्याची ओळख पटली. अंतर साधारण ४०० प्रकाशवर्षं, म्हणजे आमच्या हिशेबानं शेजारीच. वस्तुमान सूर्यापेक्षा जास्त असावं आणि रुंदी जेमतेम २५ किलोमीटर. इतर न्यूट्रॉन तारे काही ना काही गडबड करत असतात: कुणी जोडीदाराचा वायू ओढून घेतो, कुणी रेडिओ लहरींचे ठोके देतो. याला जोडीदार नाही, रेडिओचा आवाज नाही. फक्त सात लाख अंशांच्या आसपास तापलेला पृष्ठभाग. ती उष्णता एक्स-रेमध्ये दिसते, आणि त्यात भेसळ नसल्यामुळे ताऱ्याचा आकार आणि त्याच्या पोटात काय आहे याचा अंदाज बांधता येतो. असे एकांडे तारे रोसॅटला सातच सापडले.

आई, तू विचारलंस तशी मी रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही. एक्स-रे हवेतच अडतात, म्हणून दुर्बीण वर पाठवावी लागते. आमची एक्सएमएम-न्यूटन डिसेंबर १९९९ पासून पृथ्वीभोवती फिरते आहे. तिचे आरसे बघायला हवेत! एक्स-रे आरशावर समोरून पडला तर आतच जिरतो. अगदी तिरका, घासून गेला तरच वळतो, कृष्णेवर चपटा दगड आडवा फेकला की पाण्यावरून उडतो तसा. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली ५८ नळकांडी एकात एक बसवलीत, आणि असे तीन संच. माझ्यापर्यंत येते ती नुसती यादी: कुठला फोटॉन (प्रकाशाचा कण) किती वाजता आला, कॅमेऱ्यावर कुठे पडला, ऊर्जा किती. सूर्याकडून प्रोटॉनचा लोंढा आला असेल तर त्या तासांच्या ओळी काढून टाकायच्या. फार जीव तुटतो तेव्हा, कारण दुर्बिणीचा वेळ मागणारे कितीतरी असतात आणि मिळतो थोड्यांनाच.

या ताऱ्याची एक गंमत बाबांना आवडेल. २००२ मध्ये चंद्रा या दुसऱ्या एक्स-रे दुर्बिणीच्या (आपल्या चंद्रशेखरांचंच नाव) निरीक्षणांवरून काहींनी जाहीर केलं की हा न्यूट्रॉन तारा नसून क्वार्कचा, म्हणजे न्यूट्रॉनच्याही आतल्या कणांचा असावा, कारण आकार फार लहान निघाला आणि फिरण्याची खूणही सापडेना. पेपरांत मोठ्या बातम्या आल्या. पुढे आकार तेवढा लहान नाही असं दिसलं, त्याची बातमी अर्थातच कुणी छापली नाही. फिरण्याची खूण २००७ मध्ये तिएंगो आणि मेरेगेत्ती या इटालियन जोडीला एक्सएमएमच्या नोंदींत मिळाली: ७.०५५ सेकंदांत एक फेरी, आणि चमकेतला चढउतार फक्त एक टक्क्याच्या आसपास. एवढं बारीक पकडायला फोटॉन साठवतच जावे लागतात.

माझं काम त्याच साठ्याचं आहे. तारा इतका स्थिर आहे की कॅमेरे तपासायलाही त्याचाच उपयोग करतात, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या नोंदी आयत्या पडल्या आहेत. त्या सगळ्या एकत्र करून फिरकी किती मंदावते आहे हे मोजायचंय. सध्याच्या हिशेबात मंदावण्यावरून वय काढलं तर ते चाळीस लाख वर्षांच्या जवळ जातं. आकाशातली चाल मागे नेत जन्मस्थान शोधलं तर फक्त चार-पाच लाख. फिरकीला ब्रेक लावणारं चुंबकीय क्षेत्र आधी जोरदार होतं आणि पुढे विरत गेलं असावं, असा बऱ्याच जणांचा कयास आहे. हे अर्धवट टाकून निघायला मन होत नाही.

दिवाळीला मात्र नक्की येते. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन "ती आल्यावर बघू" म्हणून लांबवू नका. तारीख घ्या, दादा सोबत येणार आहे, माझं त्याच्याशी बोलणं झालंय. आणि आई, तिळाच्या चटणीचं पार्सल पाठवू नकोस, मागचं कस्टम्सनं उघडून बघितलं होतं. मी येईन तेव्हाच घेऊन जाईन.

तुमची,
चिऊ