मॅडम, तेव्हा तक्रार करणारा मीच होतो

स.न.वि.वि.

मॅडम, मागच्या वर्षी जूनमध्ये मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये येऊन 'गणित-विज्ञान सोडून पोरांना व्हॉट्सॲप कसलं शिकवता?' असं तावातावाने विचारणारा पालक मीच. तुम्ही बाहेर बाकावर बसला होता आणि माझा आवाज दाराबाहेर नक्कीच जात होता. तरी नंतर भेटलात तेव्हा एवढंच म्हणालात, 'एका तासाला येऊन बसा ना.' मी काही आलो नाही. दुकान सोडून कोण येणार!

मोबाइलवरचं खरं-खोटं कसं ओळखायचं, हे तुम्ही शिकवलेलं मला घरीच कळलं, तेही ताटावर. त्या दिवशी तुम्ही वर्गात राईनपाड्याची गोष्ट सांगितली होती. १ जुलै २०१८, साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज भागात फिरत होते, आणि भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मी ही बातमी तेव्हा वाचली होती, हळहळलोही होतो आणि विसरून गेलो होतो. मुलीने भाकरी मोडता मोडता विचारलं, 'बाबा, आपल्याकडे डौर वाजवत येतात, आई ज्यांना पीठ घालते, तेच ना ते?' बायको घास तसाच धरून बसली. मला उत्तर द्यायला वेळ लागला.

एवढं होऊनही मी सुधारलो नाही, हे कबूल करतो. दिवाळीच्या आधी एक फोटो आला. पांढरी व्हॅन, रडणारी दोन लेकरं, 'आपल्याच भागात, सावध राहा'. मी तो गल्लीच्या ग्रुपवर टाकला आणि गिऱ्हाईक बघायला वळलो. मुलगी शेजारीच पेनांचे बॉक्स लावत होती. तिने माझा फोन उचलला आणि बोट ठेवलं, 'हे दोन बाण बघा. म्हणजे हा मेसेज आपल्यापर्यंत येताना खूप हातांतून फिरलाय. पहिला कोणी लिहिला, माहितीय तुम्हाला?' मग गूगल लेन्सवर तो फोटो शोधून दाखवला. तोच फोटो कितीतरी जुन्या पोस्टमध्ये निघाला, दर ठिकाणी गावाचं नाव वेगळं! मी मेसेज डिलीट करायला निघालो, तर म्हणाली, 'नुसतं डिलीट नको. ज्यांनी वाचलाय त्यांना खोटा होता हे कसं कळणार? मॅडम म्हणतात, चूक जिथे केली तिथेच दुरुस्त करायची.' चाळीस घरांच्या ग्रुपवर मी माफी लिहिली. तीन ओळी लिहायला अर्धा तास लागला.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, हेही मला पोरीनेच सांगितलं. मला आपलं वाटायचं, नेटवर्कचा काहीतरी लोचा असेल.

पण हे पत्र मी खरं लिहितोय ते वर्गातल्या त्या दुसऱ्या मुलीसाठी. तिच्या फोटोचं खोटं इन्स्टाग्राम अकाउंट कोणीतरी काढलं, तेव्हा ती आधी तुमच्याकडे आली. आईकडे नाही, कारण घरी कळलं तर फोन जाईल आणि कदाचित शाळाही सुटेल, ही भीती. तुम्ही आधी स्क्रीनशॉट काढून ठेवायला लावलेत, मग रिपोर्ट करायला, आणि मग स्वतः तिच्या घरी गेलात. ज्या मुलाने ते केलं त्याच्या आईवडिलांनाही बोलावलंत. पण त्याचं नाव आजतागायत आम्हा पालकांना कळलेलं नाही. माझ्या मुलीला माहीत असणार. मी दोनदा खोदून विचारलं, तिने ताकास तूर लागू दिली नाही. माझ्या दुकानात रोज अख्ख्या गावाची उणीदुणी निघतात, म्हणून मला ह्याचं जास्तच अप्रूप.

माझ्या मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर १९३० आणि १०९८ हे दोन नंबर लाल पेनाने लिहिलेत. पहिला ऑनलाइन फसवणुकीचा, दुसरा मुलांच्या मदतीचा. मी ते दुकानाच्या गल्ल्यावरही चिकटवलेत.

राहता राहिली पालकसभा. तुम्ही आम्हा सगळ्यांना आपापला स्क्रीन टाइम मोठ्याने वाचायला लावलात, त्याचा राग अजून थोडा आहे. पाच तास चाळीस मिनिटं! मागच्या बाकावरची पोरं किती हसली. सध्या तीन तास दहावर आलोय. खोटं वाटलं तर मुलीला विचारा, दर रविवारी स्क्रीनशॉट तीच काढून ठेवते.

आपला,
आठवी 'ब'मधल्या एका मुलीचा बाप